हुडिनीत एका नोडचं ॲनिमेशन दुसऱ्या नोडपर्यंत कसं न्यायचं

हुडिनी हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकायला लागलं की एक गरज फार लवकर समोर येते. त्यात सगळं काम नोडने, म्हणजे एकमेकांना जोडता येणाऱ्या घटकांनी होतं. एका वस्तूला की-फ्रेम (ठरावीक फ्रेमला नेमून दिलेल्या किमती) दिलेल्या असतात आणि दुसरी वस्तू त्याच हालचालीवर चालायला हवी असते. कधी तंतोतंत तशीच, कधी जरा उशिराने, कधी त्या हालचालीतले धक्के काढून. नवखा माणूस अशा वेळी की-फ्रेम कॉपी करून दुसऱ्या नोडवर पेस्ट करतो. त्या क्षणापुरतं काम होतं, पण मूळ हालचाल बदलली की सगळं पुन्हा हाताने करावं लागतं. प्रोसिजरल, म्हणजे मूळ बदललं की पुढचं आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर वापरण्यामागचं कारणच मग निघून जातं.

हालचाल एका नोडकडून दुसऱ्याकडे न्यायच्या हुडिनीत बऱ्याच वाटा आहेत आणि त्यातली कुठली घ्यायची यावरच सगळ्यांचा गोंधळ होतो. माझ्या मते निवड एका प्रश्नावर होते: तुम्हाला फक्त आत्ताच्या फ्रेमचा आकडा हवा आहे, की पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंतची सगळी आकड्यांची ओळ हवी आहे? आकडाच हवा असेल तर पॅरामीटरमध्ये, म्हणजे नोडच्या सेटिंगच्या खान्यात, एक एक्स्प्रेशन (सूत्र) लिहून भागतं. पूर्ण ओळ हवी असेल तर चॉपमध्ये, म्हणजे चॅनेल ऑपरेटरच्या नेटवर्कमध्ये जावं लागतं. पुढचं सगळं या एका फरकाभोवती फिरतं.

लिहिण्याच्या सोयीसाठी इथे नोड, पॅरामीटर आणि फंक्शनची नावं देवनागरीत दिली आहेत. हुडिनीत ती रोमन अक्षरांत टाइप करायची, आणि फंक्शन व पॅरामीटरची नावं लहान लिपीतच. हुडिनी लहान-मोठ्या लिपीत फरक करतं, त्यामुळे टीएक्स (ट्रान्सलेट एक्सचं नाव) मोठ्या अक्षरांत लिहिलं तर ते वेगळंच नाव समजलं जाईल.

सरावाची मांडणी

ऑब्जेक्ट पातळीवर, म्हणजे ओबीजेमध्ये, दोन जिऑमेट्री नोड घ्या. एकाचं नाव बॉल ठेवा आणि आत एक स्फिअर टाका. दुसऱ्याचं नाव बॉक्स, आत एक बॉक्स. नावं आत्ताच नीट द्या, कारण पुढचे सगळे मार्ग या नावांवरून जाणार आहेत. जिओ१, जिओ२ अशी आपोआप आलेली नावं ठेवली की चार दिवसांनी फाइल उघडल्यावर कुठला मार्ग कुठे जातो ते तुम्हालाच कळत नाही.

आता बॉलला हालचाल द्या. टाइमलाइन पहिल्या फ्रेमवर असताना ट्रान्सलेटच्या एक्स खान्यात ० ठेवून ऑल्ट धरून त्या खान्यावर क्लिक करा, की बसेल. मग २५व्या फ्रेमवर जा, ५ लिहा, पुन्हा ऑल्ट-क्लिक. खाना हिरवा झाला म्हणजे त्या पॅरामीटरवर आता चॅनेल, म्हणजे वेळेनुसार बदलणारी किंमत आहे.

२५वी फ्रेम मुद्दाम घेतली आहे. हुडिनीत नव्या फाइलमध्ये सेकंदाला २४ फ्रेम असतात आणि टाइमलाइन १ ते २४० असते. पण वेळ शून्यापासून मोजली जाते, म्हणजे १ली फ्रेम हा ० सेकंद आणि २५वी फ्रेम हा नेमका १ सेकंद. चॉपमध्ये बऱ्याच गोष्टी सेकंदांत मोजल्या जातात, तेव्हा हा एका फ्रेमचा फरक सतत आडवा येतो.

पॅरामीटरचं खरं नाव कळत नसेल तर माउस त्याच्या लेबलवर नेऊन थांबा, नाव दिसेल. ट्रान्सलेटची तीन नावं टीएक्स, टीवाय, टीझेड; रोटेटची आरएक्स, आरवाय, आरझेड. लेबल आणि नाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि एक्स्प्रेशनला फक्त नाव चालतं.

पहिली वाट: थेट रेफरन्स

बॉलच्या ट्रान्सलेट लेबलवर राइट क्लिक करून कॉपी पॅरामीटर निवडा. मग बॉक्सच्या ट्रान्सलेट लेबलवर राइट क्लिक करून पेस्ट रिलेटिव्ह रेफरन्सेस. टाइमलाइन सरकवून पाहा, बॉक्स बॉलसोबत चालेल. (दोन्ही एकाच जागी असतील तर बॉक्सच्या आत एक ट्रान्सफॉर्म नोड टाकून त्याला थोडं वर उचला.)

आता बॉक्सच्या ट्रान्सलेट लेबलवर साधं क्लिक करा. आकड्यांच्या जागी एक्स्प्रेशन दिसेल. एक्स खान्यात असं असेल:

सीएच("../बॉल/टीएक्स")

याचा अर्थ: एक पायरी वर जा, तिथे बॉल नावाचा नोड शोध, त्याच्या टीएक्सची आत्ताची किंमत आण. दोन टिंबं म्हणजे "वरच्या पातळीवर". मार्ग बॉक्सपासून मोजला जातोय हे लक्षात ठेवा. ओबीजेपासून सुरू होणारा पूर्ण मार्ग लिहिला तरी चालतो, पण ते दोन्ही नोड कधी सबनेटवर्कमध्ये हलवले की पूर्ण मार्ग तुटतो आणि सापेक्ष मार्ग टिकतो. सवय सापेक्ष मार्गाचीच लावून घ्या.

हे एक्स्प्रेशन आहे, तेव्हा त्यावर गणितही करता येतं. शेवटी गुणिले ०.५ लिहिलं तर बॉक्स निम्मं अंतर चालेल. उणे १ने गुणलं तर उलट दिशेला जाईल. गाडीची चाकं अंतरानुसार फिरवणं, एका स्लायडरवरून दहा दिव्यांची तीव्रता बदलणं, अशी बहुतेक रोजची कामं एवढ्यात होतात. त्यासाठी चॉप उघडायची गरज नाही.

उशिराने चालायचं असेल तर सीएचएफ हे भावंड आहे. त्याला मार्गासोबत फ्रेमही सांगता येते:

सीएचएफ("../बॉल/टीएक्स", $एफ - १०)

बॉक्स दहा फ्रेम मागून येईल. $एफ म्हणजे चालू फ्रेम. उणेच्या जागी अधिक केलं तर बॉक्स बॉलच्या दहा फ्रेम आधी निघेल, कारण की-फ्रेम आधीच ठरलेल्या आहेत आणि पुढचा आकडाही हुडिनीला माहीत आहे.

इथे एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. सीएच पॅरामीटरमध्ये लिहिलेला आकडा आणतं. वस्तू जगात कुठे आहे ते सांगत नाही. बॉलला एखाद्या नलचं (म्हणजे रेंडरमध्ये न दिसणाऱ्या रिकाम्या वस्तूचं) पालकत्व दिलं आणि तो नल हलवला, तर बॉल पडद्यावर हलतो, पण त्याचा टीएक्स जिथल्या तिथे राहतो. बॉक्स मग जागचा हलत नाही आणि माणूस एक्स्प्रेशनमध्ये चूक शोधत बसतो. एक्स्प्रेशन बरोबर असतं, प्रश्न चुकलेला असतो. जगातली जागा हवी असेल तर ओरिजिन फंक्शन वापरा:

ओरिजिन("", "../बॉल", "टीएक्स")

पहिलं अवतरण रिकामं ठेवलं की अंतर जगाच्या मूळबिंदूपासून मोजलं जातं. इथे टीएक्स मोठ्या लिपीत लिहायचं असतं, वर सांगितलेल्या नियमाला हा अपवाद आहे.

एक्स्प्रेशन कुठे अपुरं पडतं

समजा बॉक्सने बॉलच्या मागे ओढल्यासारखं यायचं आहे: सुरुवातीला रेंगाळायचं, मग वेग घ्यायचा, शेवटी जरा पुढे जाऊन परत स्थिर व्हायचं. हे सीएचएफने होत नाही. अशा हालचालीत बॉक्सची आजची जागा त्याच्याच कालच्या जागेवर अवलंबून असते, आणि एक्स्प्रेशनला काल कुठे होतो ते आठवत नाही. प्रत्येक फ्रेमला ते कोऱ्या पाटीवर सुरू करतं.

चॉप नेमकं हेच पुरवतं. चॉपमधल्या प्रत्येक चॅनेलमध्ये सगळ्या वेळेचे आकडे एका रांगेत असतात. त्यातल्या प्रत्येक आकड्याला सँपल म्हणतात. चॅनेलला नाव असतं, सुरुवात आणि शेवट असतो, आणि सेकंदाला किती सँपल तो दर असतो. सगळी रांग हाताशी असल्यामुळे चॉप मागचं पाहून पुढचं ठरवू शकतं. तुम्ही टाइमलाइनवर थेट १००व्या फ्रेमवर उडी मारली तरी उत्तर बरोबर येतं, सिम्युलेशनसारखं सुरुवातीपासून चालवत न्यावं लागत नाही. ॲनिमेशन तपासताना मागेपुढे सतत उड्या माराव्या लागतात, त्यामुळे मला ही सोय चॉपचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

दुसरी वाट: चॉपमध्ये आणायचं, घडवायचं, परत न्यायचं

आधी बॉक्सच्या ट्रान्सलेटवरची एक्स्प्रेशन्स काढून टाका. लेबलवर राइट क्लिक करून डिलीट चॅनेल्स.

ओबीजेमध्येच टॅब मेन्यूतून चॉप नेटवर्क नोड टाका. त्याचं नाव चॉपनेट१ येईल, ते राहू द्या. डबल क्लिक करून आत शिरा.

आत टॅब दाबून फेच लिहा. सध्याच्या आवृत्त्यांत फेच पॅरामीटर्स आणि फेच चॅनेल्स असे दोन नोड दिसतात. पहिला कुठल्याही नोडच्या पॅरामीटरमधून चॅनेल आणतो, दुसरा दुसऱ्या चॉप नोडमधून. आपल्याला बॉलच्या पॅरामीटरवरची हालचाल हवी आहे, म्हणून पहिला घ्या. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: कुठला नोड आणि कुठली चॅनेल. नोडचा मार्ग ../../बॉल. दोन पायऱ्या वर का? आपण चॉपनेटच्या आत आहोत. एक पायरी वर चॉपनेट, त्याच्या वर ओबीजे, आणि बॉल ओबीजेत आहे. चॅनेलच्या जागी टीएक्स टीवाय टीझेड, मध्ये फक्त स्पेस.

काय आलं ते लगेच तपासा. नोडवर माउसचं मधलं बटण दाबून धरलं की माहितीची खिडकी उघडते. त्यात चॅनेल किती, सँपल किती, दर किती, सुरुवात-शेवट कुठे हे दिसतं. तीन चॅनेल, २४० सँपल आणि २४चा दर दिसायला हवा. चॅनेलची नावं नेमकी काय आहेत तेही इथेच पाहा. ती नुसती टीएक्स, टीवाय असू शकतात किंवा मूळ नोडचं नाव पुढे लागून आलेली असू शकतात. नावाची पद्धत फेच नोडच्या सेटिंगवर ठरते आणि पुढे मार्ग लिहिताना हेच नाव लागणार आहे. चॉपमध्ये "काहीच येत नाही" अशी तक्रार असते तिथे निम्म्याहून जास्त वेळा नाव जुळत नसतं, म्हणून मधल्या बटणाची सवय हाताला लागेपर्यंत प्रत्येक नोडवर तपासा.

आलेख पाहण्यासाठी मोशन एफएक्स व्ह्यू नावाचं पेन, म्हणजे हुडिनीच्या खिडकीतला कप्पा, उघडा. टीएक्सची रेघ ० पासून ५ पर्यंत चढून पुढे सपाट जाताना दिसेल.

फेचखाली लॅग नोड जोडा. यात लॅगच्या नावापुढे दोन खाने असतात, एक वर जाणाऱ्या हालचालीसाठी आणि एक खाली येणाऱ्यासाठी. दोन्हींत ०.३ ठेवा. खाली ओव्हरशूटचे खाने आहेत, तिथेही ०.३ देऊन पाहा. आलेखातली रेघ आता उशिरा चढेल, पाचच्या जरा वर जाईल आणि मग पाचवर येऊन बसेल. आकडे बदलत राहा आणि रेघेकडे बघत राहा. पडद्यावरच्या बॉक्सपेक्षा या रेघेकडे पाहून हालचाल लवकर समजते, आणि नवख्यांनी या पायरीवर निवांत वेळ घालवावा असं मला मनापासून वाटतं. लॅगच्या जागी स्प्रिंग जोडून पाहा: त्यात स्प्रिंगचा ताठपणा, वस्तुमान आणि डॅम्पिंग हे तीन आकडे हालचाल ठरवतात. फिल्टर जोडून पाहा: तो मागच्या आणि पुढच्या दोन्ही बाजूंचे सँपल घेऊन रेघ गुळगुळीत करतो. म्हणूनच फिल्टर लावलेली वस्तू मूळ वस्तूच्या थोडी आधी हलायला लागते. ती चूक नाही, फिल्टरचा तसाच स्वभाव आहे. आधी हलणं नको असेल तर लॅग वापरा, लॅग फक्त मागचं बघतो.

सगळ्यात खाली एक नल नोड (चॉपमधला, आलेली चॅनेल तशीच पुढे देणारा) टाका आणि त्याचं नाव आउट ठेवा. पुढे तुम्ही वर कितीही नोड घाला-काढा, बाहेरच्यांनी कायम आउटकडेच पाहायचं. त्यामुळे बाहेरचे मार्ग बदलावे लागत नाहीत.

आता ही रांग बॉक्सपर्यंत न्यायची. त्याला दोन पद्धती आहेत.

पहिली, ओढून घेण्याची. बॉक्सच्या ट्रान्सलेट एक्स खान्यात लिहा:

चॉप("../चॉपनेट१/आउट/टीएक्स")

चॉप फंक्शन त्या चॅनेलची चालू वेळेची किंमत आणतं. मार्गाचा शेवटचा भाग पॅरामीटरचं नाव नसून चॅनेलचं नाव आहे, एवढं ध्यानात ठेवा. वाय आणि झेड खान्यांतही तसंच. आउटचं नाव तुम्ही मोठ्या लिपीत ठेवलं असेल तर इथेही मोठ्या लिपीत.

दुसरी, ढकलून देण्याची, म्हणजे एक्स्पोर्ट. चॉप नोडवर एक्स्पोर्टचा फ्लॅग असतो. तो लावला की चॅनेलच्या नावावरून हुडिनी ठरवतं की ती कुठे जाणार. नोडच्या कॉमन टॅबमध्ये एक्स्पोर्ट प्रीफिक्स असतो आणि तिथे सहसा /ओबीजे असतं. चॅनेलचं नाव बॉक्स:टीएक्स असेल तर प्रीफिक्स आणि नाव जोडून ती ओबीजेमधल्या बॉक्सच्या टीएक्सवर जाते. नाव बदलायला आउटच्या आधी रीनेम नोड टाकून वरच्या खान्यात टीएक्स टीवाय टीझेड आणि खालच्या खान्यात बॉक्स:टीएक्स बॉक्स:टीवाय बॉक्स:टीझेड लिहा. यासाठी एक्स्पोर्ट नावाचा वेगळा नोडही आहे, त्यात नोड आणि पॅरामीटर खान्यांत निवडता येतात.

सुरुवात करणाऱ्यांनी ओढून घेण्याचीच पद्धत धरावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चॉप फंक्शन बॉक्सच्या खान्यातच दिसतं, त्यामुळे आकडा कुठून येतोय हे लेबलवर एका क्लिकने कळतं. एक्स्पोर्टमध्ये कारण दुसऱ्याच नोडवर असतं. बॉक्सच्या खान्यात तुम्ही आकडा लिहिता आणि तो जुमानतच नाही, कारण चॉपने त्यावर ताबा घेतलेला असतो. खान्याचा रंग बदललेला असतो, पण तो काय सांगतोय हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते. दुसऱ्याची फाइल हातात आली की हा त्रास दुप्पट होतो. मात्र चाळीस हाडांच्या सांगाड्याची शंभरावर चॅनेल एकदम न्यायची असतील तर प्रत्येक खान्यात एक्स्प्रेशन लिहिणं व्यवहार्य नाही, तिथे एक्स्पोर्टच योग्य.

या सगळ्या पायऱ्यांना एक आडवाटही आहे. पॅरामीटरच्या लेबलवर राइट क्लिक केलं की मोशन इफेक्ट्सचा मेन्यू मिळतो. त्यातून लॅग, नॉइज वगैरे निवडलं की हुडिनी स्वतः चॉप नेटवर्क उभं करतं, तुमच्या की-फ्रेम आतल्या चॅनेल नोडमध्ये हलवतं आणि निकाल त्याच पॅरामीटरवर परत आणतं. वरचं सगळं एकदा हाताने केल्यावर हा मेन्यू वापरा आणि तयार झालेलं नेटवर्क उघडून बघा. आत काय आहे ते वाचता येईल तेव्हाच तो मेन्यू खरा कामाला येतो.

स्वतःलाच वाचणारं चक्र

मोशन इफेक्ट्स की-फ्रेम चॅनेल नोडमध्ये का हलवतं, हा विचार इथे करण्यासारखा आहे. तुम्ही बॉलचा टीएक्स चॉपमध्ये आणला, लॅग लावला आणि निकाल बॉलच्याच टीएक्सवर एक्स्प्रेशनने लिहिला, तर बॉल चॉपला विचारतो, चॉप बॉलला विचारतं, आणि याला अंत नसतो. हुडिनी इन्फिनिट रिकर्शनची तक्रार करतं. शिवाय खान्यात एक्स्प्रेशन लिहिताना मूळ की-फ्रेम पुसल्या जातात, ते नुकसान वेगळंच.

यावर सोपा आणि कायमचा उपाय: मूळ हालचाल ओबीजेतल्या एका वेगळ्या नल वस्तूवर ठेवा. की-फ्रेम नलवर, चॉप नलकडून घेणार, आणि दिसणारी वस्तू चॉपकडून. प्रवाह एकाच दिशेने जातो. पुढे हालचाल बदलायची झाली तरी नल हलवा, बाकी सगळं आपोआप पाठोपाठ येतं.

जगातली जागा आणि बिंदूंचे आकडे

फेच पॅरामीटर्सला सीएचचीच मर्यादा आहे: तो खान्यातला आकडा आणतो. पालकांसह वस्तू जगात कुठे आहे त्याची रांग हवी असेल तर ऑब्जेक्ट नावाचा चॉप नोड वापरा. त्याला टार्गेट ऑब्जेक्ट द्यायचा आणि हवा तर रेफरन्स ऑब्जेक्ट. मग तो एकाच्या सापेक्ष दुसऱ्याची जागा, फिरणं, दिशा किंवा नुसतं अंतर मोजून देतो. कॅमेऱ्यापासूनच्या अंतरानुसार काहीतरी बदलायचं असेल तर अंतराचा पर्याय निवडला की एकच चॅनेल मिळते आणि काम फार सोपं होतं.

फिरण्याच्या चॅनेलबाबत मात्र जपा. कोन १७९ वरून पुढे सरकताना तो उणे १७९ असा लिहिला जाऊ शकतो. वस्तूच्या दृष्टीने हा दोन अंशांचा फरक आहे, पण लॅगच्या दृष्टीने ३५८ अंशांची उडी. त्यामुळे वस्तू मध्येच उलटी गिरकी घेते. आलेखात उभी रेघ दिसली की हेच झालंय असं समजा. अशा वेळी कोनांवर लॅग लावण्यापेक्षा वस्तू ज्याच्याकडे बघते त्या नलच्या जागेवर लॅग लावा आणि वस्तूला त्या नलकडे बघायला सांगा. जागेच्या आकड्यांत अशी उडी नसते.

सॉप पातळीवरचे, म्हणजे जिऑमेट्रीच्या बिंदूंचे आकडे आणायला जिऑमेट्री नावाचा चॉप नोड आहे. त्याच्या मेथड खान्यात दोन मुख्य पर्याय आहेत आणि ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत. शंभर बिंदूंची एक रेघ घ्या. स्टॅटिक निवडलं तर पी या ॲट्रिब्यूटच्या, म्हणजे बिंदूच्या जागेच्या, तीन चॅनेल येतात आणि प्रत्येकीत १०० सँपल असतात: पहिला सँपल बिंदू ०चा, दुसरा बिंदू १चा. इथे वेळेचा संबंध नाही, आलेखाचा आडवा अक्ष म्हणजे बिंदूंचा क्रम. ॲनिमेटेड निवडलं तर प्रत्येक बिंदूच्या तीन, म्हणजे एकूण ३०० चॅनेल येतात आणि प्रत्येकीत २४० फ्रेमचे २४० सँपल. एकूण ७२ हजार आकडे.

आकड्यांची गर्दी परवडते. न परवडणारी गोष्ट वेगळी आहे: हे आकडे मिळवायला हुडिनीला ते सॉप नेटवर्क २४० वेळा चालवावं लागतं, तेही तुम्ही वर काही बदललं की पुन्हा. आत जड सिम्युलेशन असेल तर हुडिनी गोठल्यासारखं वाटेल. म्हणून जिऑमेट्री चॉपमध्ये नेण्याआधी फाइल कॅश नोडने डिस्कवर लिहून घ्या आणि चॉपला कॅशकडूनच वाचू द्या. आणखी एक अट: बिंदूंची संख्या आणि क्रम सगळ्या फ्रेममध्ये तोच हवा. कण जन्मतात-मरतात तिथे बिंदू ७ हा एका फ्रेमला एक कण असतो आणि पुढच्या फ्रेमला दुसराच, तेव्हा त्या चॅनेलला काही अर्थ उरत नाही.

चॉपमध्ये घडवलेले बिंदू परत जिऑमेट्रीवर आणायला सॉपमध्ये चॅनेल नावाचा नोड आहे. त्याला चॉपचा मार्ग द्यायचा आणि मेथड तीच ठेवायची जी आणताना ठेवली होती. तीन बिंदूंची रेघ घेऊन हा पूर्ण फेरा एकदा करून बघा: जिऑमेट्री, लॅग, आउट, आणि सॉपमध्ये चॅनेल. रेघेचे बिंदू मागे रेंगाळताना दिसले की रचना समजली.

रँगलमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या सॉप नोडमध्ये, चॉपचा आकडा हवा असेल तर सरळ उपाय असा: रँगल नोडवर एक स्पेअर पॅरामीटर (आपण जादा जोडलेला खाना) तयार करा, त्यात चॉप फंक्शनचं एक्स्प्रेशन लिहा, आणि कोडमधून तो पॅरामीटर सीएचने वाचा. मधली एक पायरी वाढते, पण आकडा खान्यात डोळ्यांसमोर राहतो.

दर आणि वेळ जुळवणं

बाहेरून आलेली हालचाल बहुधा वेगळ्या दराची असते. समजा तुमच्याकडे सेकंदाला ३० सँपलची, एकूण ९० सँपलची क्लिप आहे. ती ३ सेकंदांची हालचाल. तुमच्या २४च्या फाइलमध्ये ती ७२ फ्रेम घेणार. पण कुणी एक सँपल म्हणजे एक फ्रेम असं धरून वाचलं तर तीच हालचाल ९० फ्रेम, म्हणजे पावणेचार सेकंद चालेल. माणूस चालताना पाण्यातून चालल्यासारखा जड वाटायला लागला की आधी दर तपासा. फाइल वाचणाऱ्या नोडवर मूळ दर बरोबर सांगा आणि मग रीसँपल नोडने तो फाइलच्या दरावर आणा. दर सांगणं आणि दर बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं चुकलं तर दुसऱ्याने दुरुस्त होत नाही.

सँपल ०पासून मोजले जातात आणि फ्रेम १पासून, हेही इथे लागतं. क्लिपचा पहिला सँपल १ल्या फ्रेमवर बसायला हवा. सगळं एका फ्रेमने पुढे-मागे दिसत असेल तर शिफ्ट नोडने सरकवता येतं, पण आधी वाचण्याची सुरुवात बरोबर सांगितली आहे ना ते पाहा.

क्लिप संपल्यावर काय होणार, हे एक्स्टेंड नोड ठरवतो. होल्ड म्हणजे शेवटचा आकडा धरून ठेवायचा. स्लोप म्हणजे त्याच वेगाने पुढे जात राहायचं. सायकल म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि मिरर म्हणजे उलट परत. टाइमलाइन २४० वरून ४०० केली आणि वस्तू २४०व्या फ्रेमनंतर थबकली, तर दोन शक्यता: फेचची रेंज २४० वरच अडकली आहे, किंवा एक्स्टेंडमध्ये होल्ड आहे. मधल्या बटणाच्या खिडकीत शेवट कुठे दाखवतोय ते पाहिलं की कुठली ते लगेच कळतं.

हालचाल पक्की करणं

हालचाल मनासारखी झाली की ती डिस्कवर लिहून ठेवा. आउट नोडवर राइट क्लिक करून सेव्हमधून चॅनेलचा डेटा फाइलमध्ये लिहिता येतो. डॉट क्लिप ही वाचता येणारी मजकूर फाइल असते आणि डॉट बीक्लिप तीच बायनरी, आकाराने लहान. रेंडरच्या साखळीत हे काम बसवायचं असेल तर हुडिनीच्या आउट पातळीवर (आपल्या आउट नोडशी याचा संबंध नाही) चॅनेल नावाचा रॉप, म्हणजे फाइल बाहेर लिहिणारा नोड आहे.

मग चॉपनेटमध्ये फाइल नावाचा नोड घ्या, त्यात ती क्लिप उघडा, आणि एक स्विच नोड टाकून एका बाजूला जिवंत साखळी, दुसऱ्या बाजूला फाइल जोडा. स्विच आउटच्या लगेच वर ठेवा. बॉक्सवरचं चॉप एक्स्प्रेशन जसंच्या तसं राहतं, कारण ते आउटकडेच पाहतंय. रेंडरच्या वेळी स्विच फाइलवर, दुरुस्ती करायची असेल तेव्हा जिवंत साखळीवर. क्लिपच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घाला आणि जुनी क्लिप पुसू नका. दिग्दर्शकाला तीन आवृत्त्यांपूर्वीची चाल पुन्हा बघायची असते तेव्हा फाइल नोडमधला क्रमांक बदलला की झालं.

हीच विचारपद्धत टचडिझायनरमध्येही चालते. ते हुडिनीच्याच घराण्यातून निघालेलं सॉफ्टवेअर आहे आणि तिथेही चॉप आहेत. मुख्य फरक असा की तिथे सगळं चालू क्षणात घडत असतं, त्यामुळे पुढचे सँपल सहसा उपलब्ध नसतात. लॅग तिथे तसाच वापरता येतो, पण पुढचं पाहून गुळगुळीत करणारं काही हवं असेल तर हालचाल आधी रेकॉर्ड करून घ्यावी लागते.